चक्रवाकासाठी नापास काटा

आधी काकांचं सांगतो, मग बाकीचं. आर्वीच्या बाजार समितीच्या मागच्या गल्लीत काटे दुरुस्त करणारे एक काका होते. काटे म्हणजे वजनकाटे: किराणा दुकानातले टांगते तराजू, धान्यबाजारातले मोठे दांडीचे काटे. ते झिजले, वाकले, एका अंगाला झुकायला लागले की लोक काकांकडे आणून टाकत. पक्ष्यांशी त्यांचा संबंध एवढाच की दुकानाच्या पत्र्यावर कबुतरं बसत आणि काकांना त्यांचा राग होता. तरी आज पक्ष्यांचे जे काही फोटो माझ्या हातून झाले आहेत, ते या माणसामुळे. हे पहिल्यांदाच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच वैतागलेला दिसेन, आणि तेही खरंच आहे.

मी मूळचा कोकणातला. नववीत शाळा सुटली. सोडली म्हणायची हिंमत होत नाही, सुटली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या गावचा एक जण आर्वीला फोटो स्टुडिओत होता, त्याच्या ओळखीनं मी आलो. तो वर्षभरात उन्हाला कंटाळून परत गेला. मी राहिलो, कारण परत जाऊन काय सांगायचं ते ठरत नव्हतं. स्टुडिओच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठ तोंडानं फाटके पण मनानं चांगले. त्यांनी मागची खोली राहायला दिली, दोन वेळच्या जेवणाची सोय केली, आणि पाचेक वर्षांत मला लग्नाचे फोटो काढण्यापर्यंत आणून सोडलं. काम जमायचं, पण धास्ती कधी गेली नाही. अंतरपाट धरला की एकेक शंका येई. फ्लॅश पेटलाच नाही तर? रोल लागलाच नसेल तर? लोकांचं लग्न पुन्हा थोडंच लागणार आहे.

पक्ष्यांचा नाद लागला तो एका लग्नामुळेच. वरात यायला उशीर होता, गावाबाहेर तलाव होता, मी पाय मोकळे करायला गेलो. पाण्यावर भगव्या रंगाची मोठी बदकं बसली होती. पन्नास-साठ तरी असतील. कुणीतरी सांगितलं, हे चक्रवाक, हिवाळ्यात येतात आणि होळीच्या आसपास जातात. आमच्याकडे बगळे आणि समुद्रपक्षी पुष्कळ, पण हे असलं काही मी पाहिलं नव्हतं. लांबून येणारी, तीन-चार महिने परक्या मुलखात काढणारी पाखरं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी पकडून मी त्या तलावावर जायला लागलो. शेठ म्हणायचे, कोंबड्यांचे फोटो काढायला एवढ्या लांब कशाला जातो, आमच्या मागच्या दारी ये.

वर्ध्याचे एक डॉक्टर दर बुधवारी आर्वीत पेशंट तपासायला येत आणि जाताना आमच्याकडे त्यांचे पक्ष्यांचे फोटो छापायला टाकत. त्यांना माझे दोन-चार फोटो दिसले. तोवर दोन हजार साल उलटून चारपाच वर्षं झाली होती आणि शेठनं डिजिटल कॅमेरा घेतला होता. डॉक्टरांची पाठ दुखायला लागल्यामुळे त्यांचं मोठं लेन्स कपाटात पडून होतं. एका बुधवारी त्यांनी ते पेटीसकट माझ्यासमोर ठेवलं. जंगलाच्या कडेला पक्ष्यांची माहिती देणारं एक दालन उभं राहत होतं, ते उभं करणाऱ्यांमध्ये डॉक्टर होते. तिथे लावायला फोटो हवे होते, आणि पुढे वर्षभर फिरून फोटो काढणारा माणूसही. डॉक्टर म्हणाले, "पाणपक्ष्यांचे पाच फोटो आण. उडताना. चोचीपासून शेपटीपर्यंत स्वच्छ. पक्षी जायच्या आत. तिथे दाखला कोणी विचारणार नाही, फोटो विचारतील."

दाखला कोणी विचारणार नाही. हे वाक्य घेऊन मी किती दिवस फिरलो ते माझं मला माहीत. त्याआधी मी जिथे जिथे चौकशी केली तिथे दहावीची गुणपत्रिका आडवी यायची. एकदा तर चौकीदाराच्या कामालाही.

पण लेन्स चार किलोचं. हातात धरलं की दहा आकडे मोजेपर्यंत थरथर सुरू. ट्रायपॉड स्टुडिओत होता, चांगला दणकट, लग्नाच्या व्हिडिओचा. प्रश्न त्याच्या डोक्याचा होता. डोकं म्हणजे ट्रायपॉडच्या वरचा तो भाग, ज्यावर कॅमेरा बसतो आणि वळतो. आमचं व्हिडिओचं डोकं नवरानवरीसाठी होतं. नवरदेव चक्रवाकासारखा उडत नाही. लेन्स बसवलं की त्याचं नाक हळूहळू खाली यायचं, म्हाताऱ्या माणसाला कीर्तनात डुलकी लागावी तसं. मी डोकं घट्ट करायचो, तोवर पक्षी गेलेला. सैल करायचो, तर लेन्स जमिनीकडे.

मग शेठच्या ओळखीच्या एकाकडून गोळ्यावर फिरणारं डोकं आणलं. त्याचा खटका सैल केला आणि लेन्स एकदम कुशीवर पडलं, ट्रायपॉडसकट. मी मधे गुडघा घातला म्हणून वाचलं. गुडघा आठवडाभर सुजला होता, पण मला आठवतं ते एवढंच की मी चिखलात बसून लेन्सची काच पुन्हा पुन्हा पाहत होतो आणि मनात डॉक्टरांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.

डॉक्टर म्हणाले, तुला जिंबल पाहिजे. त्या वेळेपर्यंत हा शब्द मी ऐकला नव्हता. वहीत लिहून घेतला आणि बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या माणसानं शोधून दिलं. चित्रावरून कळलं ते असं: इंग्रजी एल अक्षरासारखा एक लोखंडी हात. खाली ट्रायपॉडवर गोल फिरतो. वर त्याला पाळण्यासारखी बैठक टांगलेली, तीत लेन्स बसतं आणि वर-खाली झुलतं. नीट तोललं तर बोटानं ढकललं तरी फिरतं आणि सोडलं की आहे तिथे थांबतं. हे मला चित्रातून कळलं, कारण बाजूचं इंग्रजी मी अक्षरं लावून लावून वाचत होतो आणि तासाचे पैसे चालू होते. किंमत मात्र लगेच वाचता आली. डॉलरचे रुपये कॅफेवाल्यानं करून दिले. माझा वर्षभराचा पगारही तिथे पोचत नव्हता.

स्वस्तातलं बघायला नागपूरला गेलो. सीताबर्डीत चार दुकानं पालथी घातली. तिघांना जिंबल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, पण नाही कुणी म्हणेना. एकानं तर मला छत्री बसवायचा स्टँड दाखवला आणि म्हणाला, यही है, नाम अलग है. चौथ्याकडे खरोखर जिंबलसारखं काहीतरी होतं, ओतीव, काळ्या रंगाचं, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेलं. किंमत परवडणारी. मी रिकामं फिरवून पाहिलं, छान फिरलं. लेन्स न्यायची भीती वाटली म्हणून ते आर्वीतच ठेवून गेलो होतो, ही माझी अक्कल. आर्वीत येऊन लेन्स टांगलं तर तो हातच वाकायला लागला. वाऱ्यावर फांदी हलते तसं सगळं हलायचं. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, उसपे तुम्हारा स्क्रॅच है. भांडायला मला कधीच जमलं नाही. मी तेच डोकं पिशवीत घालून परतीच्या गाडीत बसलो आणि आर्वी येईपर्यंत पिशवीकडे पाहिलं नाही.

जानेवारी संपत आला होता. आता काय करायचं ते सुचेना.

अशात शेठच्या भावाच्या किराणा दुकानातला तराजू बिघडला आणि नेहमीप्रमाणे तो काकांकडे पोचवायचं काम माझ्यावर आलं. काका एका दांडीच्या काट्यावर काम करत होते. पारड्याला बोट लावून सोडलं, दांडी झुलली, झुलता झुलता संथ झाली आणि बरोबर मधोमध येऊन थांबली. मी पाहतच राहिलो. मनात आलं, साऱ्या नागपुरात कुणाला जे कळत नाही ते या माणसाच्या बोटात आहे. खिशात सायबर कॅफेतला छापील कागद होताच. मी तो त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी चष्मा लावून कागद उभा-आडवा करून पाहिला. मग विचारलं, "वजन किती?"

मी अंदाज सांगितला. अंदाज शब्द ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी लेन्सच घेऊन आलो. ज्या पारड्यात थोड्या वेळापूर्वी कुणाची तरी तूर होती, त्यात ते लेन्स ठेवायचं होतं. मी तुरीची धूळ पाहिली आणि लेन्स माझ्या टॉवेलात गुंडाळलं. काका थांबले. टॉवेलचं वजन कोण धरणार? त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दुसऱ्या पारड्यात टाकला. मग त्यांना शंका आली की दुपट्टा आणि टॉवेल सारखे नाहीत. लेन्स खाली काढलं, टॉवेल आणि दुपट्टा समोरासमोर तोलले, फरकाची बारीक वजनं टाकली, पुन्हा लेन्स चढवलं. अर्धा तास गेला. मी दोन्ही हात पारड्याखाली धरून उभा होतो. शेजारचा पंप दुरुस्तीवाला येऊन विचारून गेला की बावा, काय भावानं विकून राह्यला?

काम सुरू झालं. जुन्या काट्याच्या जाड लोखंडी पट्टीचा हात, पाण्याच्या मोटरीचे दोन बेअरिंग, बैठकीला पितळी पत्रा. रोज स्टुडिओतून सुटलो की मी तिथे. रोज काहीतरी अडायचं. बेअरिंगवर त्यांचा विश्वास नव्हता, काट्याची दांडी पात्यासारख्या धारेवर तोलतात, असं गोल गोल फिरणाऱ्या वस्तूवर नाही, हे मला तीन दिवस ऐकावं लागलं. घाई केली की म्हणायचे, तुले घाई हाये तर नागपूरले जा. नागपूरचं काय झालं ते मीच त्यांना सांगून बसलो होतो.

शेवटी ते तयार झालं. दिसायला बेढब, पण दणकट. लेन्स टांगलं, काकांनी त्याला बोट लावलं. लेन्स वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर, आणि मधोमध येऊन शांत झालं. काका खूश. मीसुद्धा खूश. घाईत माझ्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं तलावावर. चक्रवाकांचा थवा उठला, मी नाक वर केलं, तर ते लोखंड मला मागे ओढायला लागलं. पक्षी वर आणि लेन्स सपाटीला. मी जोर करून वर धरलं की हात थरथरणार, फोटो पुसट येणार. हात जरा ढिला केला की लेन्स आपलं मुकाट्यानं मधोमध. सकाळभरात दोनशे फोटो काढले. त्यात पाणी होतं, समोरचा काठ होता, एका म्हशीचं शिंग होतं, आणि वरच्या कडेला कापले गेलेले पाय. चक्रवाकांचे पाय मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. परतीच्या एसटीत रडू येईल की काय असं वाटत होतं. थवासुद्धा आधीपेक्षा लहान दिसला होता. काही पक्षी गेले होते.

तसाच काकांकडे गेलो. सांगितलं, लेन्स जागेवर थांबत नाही, परत मधे येतं. काका हातातली कानस न थांबवता म्हणाले, "मंग? बरोबरच हाये ना. चांगला काटा वापस येतेच."

मी समजावलं. मला परत येणारं नको होतं. जिथे सोडीन तिथे थांबणारं हवं होतं. आता मात्र कानस थांबली. त्यांच्या धंद्यात सोडलं तिथे थांबणाऱ्या काट्याला काहीतरी झालेलं असतं. रिकामा असून तिरका उभा राहिला तर तो खोटं बोलला. वजनमापवाले साहेब काट्यावर छाप मारायला येतात तेव्हा पहिलं हेच बघतात, दांडीला हात लावून सोडतात. परत मधे आली नाही की काटा नापास. काकांच्या हातचा एकही काटा आजवर नापास झाला नव्हता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्यावर ते एक बारीक ठसा मारत, पाच पाकळ्यांचं फूल. माझ्या त्या बेढब लोखंडी हातावरही फूल मारलेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

"म्या हे खराब करू म्हणतं तू," काका म्हणाले. "जाणूनबुजून."

मी म्हणालो, खराब नाही, वेगळं. ते म्हणाले, वेगळं नाई, खराब. मग थोड्या वेळानं, पाहतो म्हणाले, उद्या येजो. उद्या गेलो. साहेबांचा दौरा आहे, बाजारातले सगळे काटे आधी बघायचे आहेत, परवा येजो. परवा गेलो, तर डोकं जिथे ठेवलं होतं तिथेच, वर धूळ. असे आठ दिवस गेले. काय बदलायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. लेन्स टांगण्याच्या खिळीपेक्षा चार बोटं खाली लोंबत होतं, म्हणून झोपाळ्यासारखं परत येत होतं. बैठक चार बोटं वर घ्यायची, एवढंच. एका तासाचं काम. पण मला कानस चालवता येत नव्हती, आणि त्यांचा हात धजत नव्हता. दुसऱ्या कुणाकडे न्यावं तर त्यांचा अपमान. इकडे बुधवार आला की डॉक्टर विचारायचे. मी म्हणायचो, होतंय. शेठ म्हणायचे, काट्यावर पाखरू तोलून विकणार आहे हा.

नवव्या दिवशी मी लेन्स, कॅमेरा, ट्रायपॉड सगळं उचलून गल्लीत नेलं. दुकानासमोर उभं केलं, आतलं डोकं आणून त्यावर चढवलं आणि काकांना बाहेर बोलावलं. मार्केटवर घारी नेहमी फिरत असत. मी म्हणालो, "काका, ही घार तुम्ही धरून दाखवा. एकदाच. मग मी काही बोलणार नाही."

मी असा बोललो याचं माझं मलाच नवल वाटलं. काकांना बहुतेक रागच आला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. घार चढत होती. त्यांनी लेन्स वर नेलं, लेन्स खाली आलं. पुन्हा नेलं, पुन्हा आलं. ते काहीतरी पुटपुटले. घार वळून आली, त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं, तर घार हलायला लागली, म्हणजे त्यांचे हात. पंपवाला बघायला आला, चहावाला आला. काका कुणाकडे बघेनात. दहा मिनिटं तरी ते त्या घारीशी आणि स्वतःच्याच काट्याशी झगडत होते. कपाळावरून घाम आला. मग त्यांनी डोळा काढला, लेन्स सोडवून माझ्या हातात दिलं, आणि डोकं आत नेऊन शिकंज्याच्या पकडीत लावलं.

बैठकीला दोन उभ्या खाचा पाडल्या, म्हणजे ती वर-खाली सरकवता येईल. मग लेन्स टांगून एकेक सूत वर घेत गेले. बोट लावायचे, पाहायचे, पुन्हा वर. एका जागी आल्यावर त्यांनी लेन्सचं नाक पत्र्याकडे केलं आणि सोडलं. ते तिथेच थांबलं. जमिनीकडे केलं. तिथेच थांबलं. मी आनंदानं काही बोलणार तोवर त्यांनी तोंड फिरवलं. "घेऊन जा इथून," म्हणाले. "पाहवत नाई मले."

मी निघण्याआधी त्यांनी कानशीनं ते पाच पाकळ्यांचं फूल घासून काढलं. नीट, पूर्ण. मी खिशात हात घातला तर म्हणाले, खराब काट्याचे पैसे म्या घेत नाई. मी हट्ट केला. लोखंडाचे तरी घ्या, बेअरिंगचे तरी. त्यावर ते जे अडून बसले ते बसलेच. दिवस गेले, मी पुन्हा पुन्हा विचारलं, उत्तर तेच. इतका उपकार आणि इतका हट्ट एकाच माणसात असला की समोरच्यानं करायचं काय?

तलावावर त्यानंतर चार सकाळी मिळाल्या. शेवटच्या सकाळी जेमतेम अकरा चक्रवाक उरले होते. मी बोटानं लेन्स फिरवत होतो, ते पाण्यासारखं फिरत होतं, थांबवलं की थांबत होतं. ऊन चढताना ते उठले आणि माझ्या डोक्यावरून गेले. नाक पार आभाळाकडे गेलं तरी कुठे ओढ नाही. पाच फोटो झाले. सहासुद्धा झाले. त्यातल्या एकात पंखाचं पांढरं, काळं आणि एक हिरवट झाक एवढी स्वच्छ आली होती की मी स्टुडिओत ते तीनदा मोठं करून पाहिलं, आपलंच आहे ना म्हणून.

डॉक्टरांनी फोटो पाहिले, बराच वेळ पाहिले. मग त्या लोखंडी डोक्याकडे बघून म्हणाले, एवढी खटपट कशाला केलीस, माझ्याकडे मागायचं, उसनं आणून दिलं असतं कुणाचं तरी. पण काम मिळालं. दालनात माझे फोटो लागले, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी मला फिरायचं काम मिळालं, आणि कुणीही दाखला विचारला नाही. शिमग्याला गावी गेलो तेव्हा आईला त्या अकरा पक्ष्यांचा एक फोटो दिला. ती म्हणाली, एवढी भगवी बदकं असतात होय.

पुढे बाजारात बॅटरीवरचे काटे आले, आकडा दाखवणारे. त्यांना ना दांडी ना धार. काकांकडचं काम कमी होत गेलं. मी आर्वीत गेलो की त्यांच्याकडे जातोच. फोटो दाखवतो. ते फोटो दूर धरून बघतात आणि दरवेळी तेच विचारतात, "अजून तसंच थांबते का ते?" थांबतं म्हटलं की मान हलवतात, एखाद्या वाया गेलेल्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तशी. एकदा मात्र म्हणाले, "ते पाखरू मले एकदा दाखवजो. ज्याच्यापायी म्या हे केलं."

त्याला आता तीन हिवाळे झाले. पहिल्यांदा त्यांचा गुडघा आडवा आला, दुसऱ्यांदा माझं काम, तिसऱ्यांदा ठरवलेली जीपच आली नाही आणि मी त्यांना दारात तयार बसवून ठेवून परत फिरलो, याची लाज अजून जात नाही. पैसे ते घेणार नाहीत, ते मी सोडून दिलं आहे. पण एखाद्या थंडीत, थवे असताना, मी त्यांना तलावावर नेईन. काठावर खुर्ची टाकीन. त्यांनीच केलेलं ते नापास डोकं त्यांच्यासमोर उभं करीन, डोळ्याच्या उंचीला, आणि चक्रवाक उठला की म्हणेन, काका, फक्त बोट लावा. हे देणं माझ्यावर आहे आणि मी ते फेडणार आहे.